छत्तीस होल्सचा मंगळवार

"मावशी, बाबांना मी मारलं का, एवढंच मला सांगा."

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात शिरल्यावर खुर्चीत बसायच्या आधीच अनिका केतकर हे बोलली. वय एकतीस, जन्म इथलाच, काम फार्मसिस्टचं. नेत्रा बर्वेनं तिला बसायची खूण केली. टेक्सासचं खाजगी तपासनिसाचं लायसन्स मिळण्याआधी नेत्रानं बारा वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात घालवली होती. रडणाऱ्या माणसाला ती आधी पाणी देई आणि मग प्रश्न विचारी.

पाणी आणायचं काम तिच्या नवऱ्याचं. संजयची आयटीतली नोकरी गेल्यापासून गाडी चालवणं, फोटो काढणं आणि चुकीचे तर्क करणं ही त्याची कामं झाली होती. तिसरं तो अगदी मनापासून करी.

"सुरुवातीपासून सांग," नेत्रा म्हणाली.

अनिकानं सांगितलं. अरुण केतकर, सदुसष्ट वर्षांचे, तेल कंपनीतले निवृत्त इंजिनियर. अठरा वर्षं चार मित्र दर वर्षी गोल्फच्या ट्रिपला जात. यंदा हवाई. चार बेटं, आठ दिवस, पाच कोर्स. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, कवाई बेटावर एकाच दिवसात दोन राउंड होते, छत्तीस होल्स. दुसऱ्या राउंडमध्ये तेराव्या होलजवळच्या शेडमध्ये ते मेलेले सापडले. रक्तातली साखर तळाला गेलेली आणि पोट रिकामं.

"बाबा रोज सकाळी मला शुगर टेक्स्ट करायचे. त्या दिवशी तिथल्या सहा वीसला मेसेज आला, शुगर एकशे चौऱ्याहत्तर, बावीस युनिट, ओके? मी ओके म्हटलं. फुल डोस, मावशी. आई म्हणते, तुझ्या ओकेनं ते गेले. थर्टी एट डेज झाले, आई माझ्याशी बोलत नाहीये. वन वर्ड पण नाही."

"बावीस नेहमीचाच डोस?"

"येस. फक्त संकष्टीला आठ घ्यायचे. मी सहा महिन्यांची असताना हॉस्पिटलमध्ये होते, डॉक्टर्सनी गिव्ह अप केलं होतं. तेव्हा बाबांनी नवस केला. तीस वर्षं एकही संकष्टी चुकवली नाही. चंद्र उगवेपर्यंत फक्त पाणी. कुठेही असले तरी. लंडनला गेले तर लंडनचा चंद्र, दुबईला तर दुबईचा, आपण असतो तिथलाच चंद्र खरा म्हणायचे."

"आणि तो मंगळवार संकष्टीचा नव्हता?"

"नाही. बुधवारी होती. प्लॅनमध्येही बुधवारच आहे, त्या दिवशी गोल्फच ठेवलं नव्हतं. म्हणूनच कळत नाही, बाबा उपाशी का होते?"

तिनं पर्समधून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक फोटो, दुसरा अकरा पानांचा छापील प्लॅन.

फोटो मंगळवारी सकाळी सहा चाळीसला हॉटेलातल्या वेट्रेसनं काढलेला होता. नाश्त्याचं टेबल, चौघं मित्र. अरुणरावांच्या ताटलीत ऑम्लेट आणि टोस्ट, दोन्ही अख्खे. काटा हातात, तोंडभर हसू. शेजारी डॉक्टर अमित राजवाडे, अंडी आणि बेकन. त्यांच्यापुढे नंदू पोंक्षे, पॅनकेकचा ढीग. टोकाला मनोहर आपटे, पपईच्या फोडी आणि एक केळं.

"हवाईला जाऊन केळं खाणारा माणूस," संजय म्हणाला. "याला तिकीट तरी कशाला द्यायचं?"

नेत्रा प्लॅन वाचत होती. तो मनोहर आपट्यांनी केलेला होता, दर वर्षी तेच करत. असला प्लॅन करायला माणूस वेगळाच लागतो. प्रत्येक बेटाचा सूर्योदय, सूर्यास्त, दुपारी वाऱ्याची दिशा, कोणत्या होलला कोणती बाजू उतरती, सगळं त्या त्या बेटाच्या घड्याळानं मिनिटामिनिटाला लिहिलेलं. जेवण रोज संध्याकाळी सातला. बुधवारी पावणेदहाला, कारण संकष्टी. मंगळवारी सव्वानऊला, पुढे कंसात कारण दिलेलं: दोन राउंडनंतर अंघोळ, विश्रांती. मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या गोल्फ बॅगा कुरिअरनं पुढे माउईला जाणार होत्या आणि त्या दिवशी खेळायला भाड्याच्या काठ्या, म्हणजे क्लब्ज, वापरायच्या होत्या. मैदानावर फिरायच्या कार्टमधल्या जोड्या: अमित आणि नंदू, अरुण आणि मनोहर.

"बाबांचा शुगर मीटर कुठे असायचा?" नेत्रानं विचारलं.

"गोल्फ बॅगच्या साइड पॉकेटमध्ये. ग्लुकोजच्या गोळ्या पण तिथेच. सेन्सर लावा म्हटलं तर ऐकायचे नाहीत."

"म्हणजे सकाळी शुगर मोजून झाल्यावर मीटर आणि गोळ्या बॅगेबरोबर पुढे गेल्या."

अनिकानं मान खाली घातली. हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं, आणि स्वतःला दोष द्यायला तिला आणखी एक कारण मिळालं.

नंदू पोंक्षे ड्रायव्हिंग रेंजवर भेटला. सकाळचे अकरा, घामाची अंघोळ, आणि हा गडी बादलीभर चेंडू बडवत होता.

"अरुण गेला याचं वाईट वाटतं यार, पण खोटं कशाला बोलू, तोंड फार घाण होतं त्याचं," तो म्हणाला. "मला चारचौघांत 'आमचा डबा' म्हणायचा. अमितचा मुलगा कॉलेज सोडून घरी बसलाय, तर दर ट्रिपला त्यावरून जोक. आणि मनोहरची तर त्यानं कायम ठासली. मे महिन्यात माझ्या घरी पार्टी होती. तिथे ग्लास वाजवून अरुणनं अनाउन्स केलं, मित्रहो, मनोहरची ही शेवटची ट्रिप. त्याच्या खेळानं आपण लटकतो. पुढच्या वर्षी नंदूचा मेहुणा येईल. मग मनोहरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, पण प्लॅन मात्र तूच करायचास हं!"

"मनोहरराव काय म्हणाले?"

"हसला. आम्ही सगळेच हसलो." नंदूनं चेंडू मारला. तो भलतीकडेच गेला. "गंमत बघा, त्या मंगळवारी मनोहर आयुष्यात खेळला नाही असा खेळला. चौदापासून अठरापर्यंत पाच होल्स, चार पार आणि एक बर्डी, एकही फटका वाया नाही. अरुण बघायला हवा होता."

"बॅगा पुढे पाठवायचं कोणी सुचवलं?"

"अमितला भाड्याचे नवे क्लब्ज ट्राय करायचे होते म्हणे. मला काय, मी बॅग उचलली असती."

"नाश्त्याला अरुणराव काय म्हणाले?"

"काही नाही. मी ऑम्लेटच्या लाइनीत होतो, पंधरा मिनिटं. परत आलो तर त्याची ताटली उचललेली. मला वाटलं खाऊन झालं."

"आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारी?"

"पोलीस, फ्यूनरल होमचे कागद, एअरलाइन. कोणाला भूक? मनोहरनंच धीर ठेवला. सगळ्यांना चिकन सँडविचेस आणली, आमच्यासमोर स्वतः खाल्लं, म्हणाला, खा रे, अजून खूप कामं आहेत."

डॉक्टर अमित राजवाडे क्लिनिकमधल्या दोन पेशंटच्या मधे भेटले. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"मी डॉक्टर आहे आणि माझ्यापासून दोनशे यार्डांवर तो लो शुगरनं मेला. रोज झोपताना हेच दिसतं मला," ते म्हणाले. "नाश्ता अर्धवट टाकून मी हॉस्पिटलचा कॉल घ्यायला लॉबीत गेलो होतो. दोन राउंडच्या मधे लंचला तो म्हणाला, पोट जड आहे, कार्टमध्ये पडतो. मला वाटलं, सकाळी जास्त खाल्लं असेल. तो उपाशी आहे हे कळलं असतं, तर मी त्याच्या छातीवर बसून ज्यूस पाजला असता."

"आणि दुसरा राउंड?"

"आमची कार्ट पुढे होती. चौदाव्या होलच्या टीला मनोहर एकटाच आला. म्हणाला, अरुण दमलाय, शटल बोलावून क्लबहाऊसला जातोय."

"बॅगा पुढे पाठवायची कल्पना तुमची?"

"माझी? छे! नंदूच्या पाठीसाठी केलं ते. मला भाड्याचे क्लब्ज बिलकुल आवडत नाहीत."

गाडीत बसताच संजयनं स्टिअरिंगवर थाप मारली. "दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मी सांगतो, डॉक्टर. इन्शुलिनचं सगळं त्यालाच माहीत."

"दोघंही खरं बोलत असतील तर?" नेत्रा म्हणाली. "एसी वाढव."

मनोहर आपट्यांचं घर त्यांच्या प्लॅनसारखंच नीटनेटकं होतं. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. देवघरात ताज्या दूर्वा होत्या. त्यांनी स्वतः चहा केला, चिवडा पुढे ठेवला आणि संजयनं दोनदा घेतला तरी तिसऱ्यांदा आग्रह केला.

"अरुणचा आणि माझा नवस एकाच दिवशीचा," ते शांतपणे म्हणाले. "अनिका हॉस्पिटलात होती, हा बाहेर बाकावर रडत बसलेला. मी म्हटलं, तू एकटा नाहीस, मीही धरतो. तो निव्वळ पाण्यावर राही, माझ्यानं तेवढं होत नाही. मी फळं खातो. पण मोडली नाही कधी."

"त्या दुपारी काय झालं?"

"घाम फुटला होता त्याला. उन्हानं असेल असं वाटलं. म्हणाला, शेडमध्ये बसतो, शटलला मीच फोन करतो, तू खेळ. मी खेळलो." त्यांनी कप बशीत ठेवला. "काय करणार? ज्याची त्याची वेळ."

"प्लॅन फार सुरेख आहे तुमचा," नेत्रा म्हणाली.

त्या घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच ते खरोखर खूश दिसले. "तीन महिने लागले," ते म्हणाले.

शेवटी सुवर्णा केतकर. अनिका हॉलमध्ये बसली होती आणि आई स्वयंपाकघरातून तिच्याकडे न बघता बोलत होती, जणू हॉलमध्ये कोणी नाहीच.

"शिकलेली मुलगी. औषधं विकते. आणि बापाला किती द्यायचं हे कळलं नाही," सुवर्णाकाकू म्हणाल्या.

फ्रिजवर ह्यूस्टनच्या एका देवळानं छापलेलं कॅलेंडर होतं. बुधवारच्या चौकोनात गणपती. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: सर्व वेळा ह्यूस्टनच्या. नेत्रा त्या ओळीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग फोन काढून काहीतरी शोधलं आणि फोन पर्समध्ये टाकला.

"शनिवारी दुपारी तिघांनाही इथे बोलवा, काकू," ती म्हणाली. "कारण सांगू नका."

शनिवारी तिघंही आले. मनोहरराव येताना फुलं घेऊन आले आणि अरुणच्या फोटोला त्यांनी स्वतः वाहिली. अनिका दारापाशी उभी होती, बसायची तिची हिंमत होत नव्हती.

"अरुणराव बावीस युनिटांनी मेले नाहीत," नेत्रानं सुरुवात केली. "बावीस युनिट आणि ऑम्लेट, हे त्यांचं रोजचं गणित होतं. ऑम्लेट पोटात गेलं नाही म्हणून ते मेले. फोटोत काटा हातात आहे, ताटली अख्खी आहे, चेहरा खुशीत आहे. म्हणजे सहा चाळीसला ते खाणार होते. मग डॉक्टर कॉलला गेले, नंदूराव लाइनीत गेले, आणि त्यांनी ताटली सारली. भुकेल्या माणसानं भरली ताटली का सारावी?"

"मळमळलं असेल," नंदू म्हणाला.

"किंवा उपास आठवला असेल."

"संकष्टी बुधवारी होती!" सुवर्णाकाकू म्हणाल्या.

"इथे, काकू. ह्यूस्टनला. संकष्टी ठरते चंद्रोदयाला चतुर्थी आहे की नाही यावर. मंगळवारी रात्री इथे चंद्र उगवला तेव्हा अजून तृतीया होती. तोच चंद्र कवाईत पाच तासांनी उगवला, तोवर चतुर्थी लागली होती. कवाईत संकष्टी मंगळवारीच होती. आणि मंगळवारची संकष्टी म्हणजे अंगारकी."

तीस वर्षं साधी संकष्टीही न मोडलेला माणूस अंगारकी मोडेल का, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"आता मारायला काय लागतं बघा," नेत्रा म्हणाली. "सुरी नको, विष नको. अरुणराव फुल डोस टोचून टेबलावर येईपर्यंत गप्प राहायचं आणि मग एकच वाक्य बोलायचं, अरुण, आज इथे अंगारकी आहे रे. टोचलेलं परत काढता येत नाही आणि नवस मोडता येत नाही. वर सांगायचं, अमितला कळू देऊ नकोस, तो उगाच डॉक्टरकी करेल. लंचला पोट जड आहे म्हणून त्यांनी जे सांगितलं, ते त्यासाठीच."

"पण बोललं कोण?" संजयनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"ज्याला आधीच माहीत होतं तो. अकरा पानांच्या प्लॅनमध्ये सूर्यास्तसुद्धा बेटाबेटाचा वेगळा आहे. एकच गोष्ट ह्यूस्टनवरून उचललेली, संकष्टी. इतक्या काटेकोर माणसाची ही चूक असेल असं मी मानलं असतं. पण मंगळवारचं जेवण सव्वानऊला आहे. बुधवार सोडून बाकी दिवशी सातला. दोन राउंड संपतात पाचला, अंघोळीला चार तास लागत नाहीत. त्या रात्री कवाईत चंद्रोदय नऊ वाजून तीन मिनिटांनी होता. म्हणजे प्लॅन छापतानाच कोणालातरी ठाऊक होतं की मंगळवारी आपल्याला चंद्र बघूनच जेवायचंय."

तिनं फोटो टेबलावर ठेवला. "बॅगा अमितसाठी पाठवल्या असं नंदूला सांगितलं, नंदूसाठी पाठवल्या असं अमितला. दोघांना सांगणारा एकच. तरी हे सगळं योगायोग म्हणून खपलं असतं. पण ही पपई आणि हे केळं! सहा चाळीसला अरुणराव हसत काटा उचलतायत, त्यांना काही माहीत नाही, आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाचा फलाहार सुरूही झालाय. प्लॅनप्रमाणे उपास उद्या. उद्या मात्र तोच माणूस चिकन सँडविच खातो, कारण त्याचा उपास झालेला आहे. मनोहरराव, मित्राला मारायची तुमची तयारी होती. अंगारकी मोडायची नव्हती."

डॉक्टर राजवाडे उठून उभे राहिले आणि तसेच खाली बसले.

मनोहर आपटे जराही गडबडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला.

"मी खोटं काय बोललो?" त्यांनी विचारलं. "अंगारकी होती. मी सांगितलं. न सांगता त्याचा नवस मोडू द्यायचा होता का?"

"सहा वीसच्या आधी सांगायचं होतं," नेत्रा म्हणाली.

"मला उशिरा आठवलं."

"आणि फळं लवकर आठवली. कार्टमध्ये काय झालं?"

त्यांनी चष्मा परत लावला. मग त्यांना बोलावंसंच वाटलं. अठरा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या जोकवर हसत आला होता. आज पहिल्यांदा सगळे त्याचं ऐकत होते.

"बर्फाच्या डब्यात ज्यूसचे दोन कॅन होते," ते म्हणाले. "त्याचे हात थरथरत होते, त्याला डबा उघडता येईना. मला म्हणाला, मन्या, औषध म्हणून ज्यूस चालेल का रे? अठरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला काहीतरी विचारलं. एरवी नुसता सांगायचा. मी म्हटलं, पोरीच्या जिवासाठी धरलेला नवस आहे, अरुण. तुझं तू ठरव. त्यानं हात मागे घेतला. मी त्याला शेडमध्ये बसवलं आणि खेळायला गेलो. चार पार, एक बर्डी." ते नंदूकडे वळले. "लटकवलं का रे मी कोणाला?"

सुवर्णाकाकूंनी तोंडावर पदर घेतला. कवाईच्या पोलिसांना फोटो, प्लॅन आणि ही कबुली आजच जाईल, असं नेत्रानं सांगितलं. एका खऱ्या वाक्याचं ते काय करतील याची तिलाही खात्री नव्हती, आणि मनोहररावांना ते ठाऊक होतं. ते उठले, खुर्ची होती तशी सरळ लावली आणि डॉक्टर आणि नंदूच्या मधून निघून गेले. त्यांना कोणी अडवलं नाही.

मग सुवर्णाकाकू उठल्या. दारापर्यंत त्यांना फार वेळ लागला. त्यांनी अनिकाचा हात धरला.

"अनू," त्या म्हणाल्या. "बाळा, जेवलीस का तू?"

एकेचाळीस दिवसांनी आई बोलली होती. संजयला हायसं वाटलं, त्याला वाटलं आता दोघी गळ्यात पडून रडतील. अनिकानं आईच्या हाताकडे पाहिलं. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. डोसनं नाही, बाबा तिच्या जिवासाठी उपाशी मेले होते. आणि त्यांचा मारेकरी ह्याच घरात फुलं घेऊन येत होता तेव्हा आईनं दार आपल्या मुलीला बंद केलं होतं.

तिनं हात हळूच सोडवून घेतला.

"आय ॲम फाइन, मिसेस केतकर," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.